आज इटारसीपर्यंत

रविवार, १४ सप्टेंबर १९९७

साडेनऊ किलो! फक्त साडेनऊ!

सुधन्वाने काल न्हाणीघरात ठेवायचा काटा आणला. त्यावर उभं राहायचं आणि पायापाशी तबकडीत आकडा बघायचा. स्वतःचं पोट कमी करायला आणलाय म्हणे. नव्या कंपनीत दुपारचं जेवण फुकट मिळतं, त्यामुळे सगळ्यांचीच पोटं सुटलीत. काट्यावर चढायला मात्र चिरंजिवांना वेळ नाही, सकाळीच बंगलोरला गेले. मला काय, काटा दिसला की हात शिवशिवतात. भुसावळच्या मालधक्क्यावर छत्तीस वर्षं काट्याशेजारी काढलेला माणूस मी.

नातीला, कादंबरीला, त्यावर उभं करायला गेलो. ती कसली उभी राहते! तबकडीतली सुई हलली की ती खाली वाकून सुईला पकडायला बघते. वाकली की सुई आणखी पळते. मग ती टाळ्या वाजवते. एकवीस महिन्यांची पोर, पण काट्यालाही खेळायला लावते!

शेवटी मालधक्क्याची रीत वापरली. आधी एकटा उभा राहिलो — अठ्ठावन्न. मग तिला कडेवर घेऊन — साडेसदुसष्ट. वजा जाता साडेनऊ. अठ्ठावन्नचा आकडा या वहीच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने लिहून ठेवला. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचं रिकामं वजन असंच पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. भरलेली वाघीण काट्यावर आली की तेवढं वजा करायचं, उरला तो माल. (मालडब्याला वाघीण म्हणतात हे आता माझ्या मुलालाही सांगावं लागतं. कादंबरीला तर वाघीण म्हणजे ‘शेर की मम्मी’.)

हे सगळं कशासाठी? वरच्या मजल्यावरच्या बीजींसाठी. काल जिन्यात भेटल्या आणि कादंबरीचा दंड दोन बोटांत धरून म्हणाल्या, “भाईसाब, बच्ची को सिर्फ़ हवा खिलाते हो क्या?” त्यांचा नातू सनी तिच्याहून आठ दिवसांनी लहान. तेरा किलो! दारातून आत येतो तेव्हा आधी पोट येतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

मीनाक्षीला सांगितलं. ती हसली. “बाबा, सनी तेरा किलोचा आहे, म्हणून आपलीनेही व्हायचं?” आणि चार्टर्ड बस पकडायला पळाली. माझी सून केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात आहे. अख्ख्या देशाचे तांदूळ-गहू मोजते. घरातला एक दाणा वाढतोय की नाही हे बघायला तिला सवड नाही, असं मनात आलं — आणि लगेच लाज वाटली. सकाळी साडेपाचला उठून पोरीचं सगळं करून, दोन डबे भरून जाते बिचारी. संध्याकाळी सातला परत आली तरी चेहरा धुतल्यासारखा. असं मला कधी जमलं नाही.

दिवसभर पोर माझ्याकडे. भरवायचं काम माझं. आजपासून नवी युक्ती. एक घास, एक स्टेशन! भुसावळहून गाडी सुटते. बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी, भोपाळ, बीना, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, निजामुद्दीन. अकरा घास. चमचा म्हणजे गाडी, तोंड म्हणजे फलाट. मी “भुसावळ!” म्हटलं की ती “आ” करते.

आज इटारसीपर्यंत. मग “और नको.” हिंदी-मराठीची अशी सरळ गाठ मारते की ऐकत राहावं.

बुधवार, १७ सप्टेंबर

खांडव्यापर्यंत. खांडव्याला गाडी रुळावरून घसरली. वरणभात माझ्या शर्टावर.

रविवार, २८ सप्टेंबर

पुन्हा साडेसदुसष्ट. म्हणजे साडेनऊच. दोन आठवड्यांत काही नाही.

पण आज तिला डाळिंब खाताना पाहिलं, तेवढ्यासाठी तरी हे लिहायला हवं. वाटीत दाणे दिले. एक दाणा उचलला. उन्हात धरला. फिरवला. माझ्याकडे बघितलं — बघतोय ना मी? मग जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि फुटल्याचा आवाज ऐकला! हो, ऐकलाच, मान वाकडी करून. मग दुसरा. वीस दाण्यांना पाऊण तास लागला. सनीला तेवढ्या वेळात दोन परोठे संपवता येतात, हे खरं. पण डाळिंब खरं खाल्लं कोणी?

आमच्या तिसरीच्या पुस्तकात खारीची एक कविता होती. मुरलीधर मास्तर ती शिकवताना स्वतःच दोन्ही हात तोंडाशी नेऊन कुरतडून दाखवायचे. वर्ग हसायचा, मी नाही. मला वाटायचं, एवढ्या नीट, एवढ्या आदराने खाणारा जीव जगात आहे! आज साठ वर्षांनी ती खार दिसली, नोयडाच्या बाल्कनीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

सदुसष्ट. म्हणजे नऊ.

कमी झाली! अर्धा किलो कमी!

काट्यावर विश्वास ठेवायचा तर आधी काटा तपासायचा, ही सवय हाडात आहे. पिठाची दहा किलोची बंद पिशवी ठेवली — दहा. तिच्यावर पाचची ठेवली — पंधरा. काटा सच्चा आहे. वजाबाकी तीनदा केली.

काल दसऱ्याला सेक्टरच्या मैदानात रावण जाळला. ती माझ्या खांद्यावर होती. फटाक्यांनी सनी भोकाड पसरून रडला. ही नाही! रावणाचं एक डोकं खाली पडलं तेव्हा तिने वरून विचारलं, “आबा, दुखलं?” एवढ्या गर्दीत रावणाची चौकशी करणारी ही एकटीच असेल.

खांदा मात्र दुखला. हल्ली दमायला होतं. वय झालं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

बीजींनी तुपातली पंजिरी दिली. “रोज़ दो चम्मच. दूध में. देखना, गाल निकल आएँगे.” कादंबरीने एक चमचा खाल्ला आणि दुसरा मला भरवला. मग तिच्या वाटणीचं मीच संपवलं. बाकी माझी भूक हल्ली विचित्रच झालीय. जेवून उठलो की पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं, आणि ताटावर बसलो की लक्ष तिच्या ताटाकडे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मीनाक्षीला सुट्टी. मुद्दाम तिच्यासमोर भरवलं. झाशीपर्यंत गेली! आईसमोर शान.

मी म्हटलं, “पण वजन नाही वाढत.”

ती भाजी निवडत होती. “बाबा, ती धावते ना?”

“धावते.”

“बडबडते?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

“झोपते, शी-शू नीट करते, हसते. मग? त्या काट्याला काय विचारताय, तिलाच विचारा.” कादंबरीला हाक मारली, “कादू, तू बारीक आहेस की जाडी?”

कादंबरीने विचार केला. “मी मोठी.”

मीनाक्षी अशी काही हसली! या पोरीचं बोलणं तिच्या आईकडून आलंय, हे मान्य करावं लागतं. आमच्या घराण्यात एवढं थोडक्यात कुणालाच बोलता येत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सुधन्वा तीन दिवस होता. दोन दिवस टीव्हीसमोर, एक दिवस पेजरसमोर. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या दुधात घालायच्या पावडरीची जाहिरात. सगळ्यांत गुबगुबीत बाळं. इतकी बाळं आपल्या लहानपणी कुठे होती? आम्ही सगळे काठ्यांसारखे होतो आणि आमच्या आयांना आम्ही पैलवान वाटायचो.

दिवाळीच्या पायजम्याची नाडी आवळून बांधावी लागते. हे नवं धुण्याचं यंत्र कपड्यांना सैल करतं, मी पहिल्यापासून म्हणतोय. तहानही फार लागते. तांब्या दुपारीच दोनदा भरावा लागतो. इथली हवा कोरडी.

रविवार, ९ नोव्हेंबर

साडेसहासष्ट. म्हणजे साडेआठ.

उंची दरवाज्याच्या चौकटीवर खूण करून मोजली. बत्तीस इंच. दिवाळीआधी साडेएकतीस होती. म्हणजे उंच होते आणि बारीक होते. मेणबत्तीसारखी? नाही, मेणबत्ती उंच होत नाही. काहीतरी लिहिलं, हसू आलं:

पायात पैंजण, खिशात चिंच,
मोजून भरली बत्तीस इंच;
मापात तुझ्या मावेल कोण?
आजोबा धरून माणसं दोन!

मुरलीधर मास्तरांनी दहापैकी चार दिले असते. “यमकासाठी चिंच आणलीस ना रे?” — हो मास्तर. तिला खिसाही नाही.

पण साडेआठ! हसून काय होतंय?

बुधवार, १२ नोव्हेंबर

हट्ट करून मीनाक्षीला अर्धी रजा टाकायला लावली. मार्केटमधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण आहेत, पण पोरांना हात लावायची पद्धत जुन्या सुइणीसारखी, आधी स्वतःचे हात चोळून गरम करतात. कादंबरीने त्यांचा आरसा असलेला दिवा मागितला, त्यांनी दिला! वजन — दहा किलो. कार्डावर एक चढती रेघ आहे, त्यावर टिंब काढलं. “दादाजी, देखिए, लाइन के साथ-साथ चल रही है. दुबली है, कमज़ोर नहीं. फ़र्क़ है ना?”

किती छान बोलल्या. मला मनापासून मान्य करायचं होतं. पण पोर त्यांच्या काट्यावर एका पायावर उभी, दुसरा हवेत, सुई नाचतेय. अंगात स्वेटर, मोजे, कानटोपी, बूट. त्यांनी सगळ्याचा मिळून अंदाजाने अर्धा किलो वजा केला. अंदाजाने! मालधक्क्यावर अंदाजाने लिहिलं असतं तर साहेबाने घरी पाठवलं असतं.

वाट बघताना तिथल्या माठातलं तीन पेले पाणी प्यायलो. परत येताना मीनाक्षी म्हणाली, “झालं ना समाधान?”

“झालं,” म्हटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नाही झालं.

आज यंत्रात टोकन टाकून दूध आणायला गेलो. बूथशेजारी केळ्यांची हातगाडी. विक्रेता ओरडत होता, “भुसावल का केला!” जवळ जाऊन हात लावून आलो. आमच्याकडूनच केळ्यांच्या वाघिणी दिल्लीला सुटायच्या. शेकडो मी तोलल्या असतील.

लिहावं का? ही वही कुणी वाचत नाही. लिहितो.

शेवंता. आमची पहिली. सुधन्वाच्या नऊ वर्षं आधी. तिलाही असंच एकेक दाणा खायची सवय होती. माझी बायको भानुमती म्हणायची, अंगाने किडकिडीत आहे हो पोर. मी तिला पार्सल ऑफिसात नेलं, पितळी काट्यावर बसवलं, साडेसोळा पौंड भरली. हेडक्लार्क म्हणाले, “बारीक आहे, भरेल पुढे.” मला तेच ऐकायचं होतं. घरी येऊन भानुमतीला तेच सांगितलं. पुन्हा तोललं नाही. एकदाच तोललं! तीन महिन्यांनी जुलाब लागले. मी ड्यूटीवर, केळ्यांचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायचा होता, संध्याकाळी सुटणार होता. तो सुटला. घरी आलो तर शेजारची भीमाबाई दारातच उभी.

डॉक्टर म्हणाले, अंगात काही राखीव नव्हतं हो. एवढंच म्हणाले.

पुढे पस्तीस वर्षांत भानुमती मला एका शब्दाने बोलली नाही. मीच रोज बोललो स्वतःला — आणखी एकदा तोलायला काय झालं होतं?

म्हणून या वेळी दर दोन-चार आठवड्यांनी. कुणी हसलं तरी.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज वजन नाही. आज मोर!

समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी तीन मोर उतरले. सेक्टरच्या पलीकडे अजून शेतं आहेत, तिथून येतात. कादंबरी पळत आली, माझा हात धरून मला ओढत बाल्कनीत घेऊन गेली. काय जोर त्या हातात! मीच अडखळलो. मोर ओरडला. तिने त्याला उत्तर दिलं. तो पुन्हा ओरडला. पाच मिनिटं दोघांचं चाललं होतं. मग माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून हळूच म्हणाली, “भूक लागली त्याला.” आणि आपल्या हातातली पोळी कठड्यावर ठेवली.

स्वतःची पोळी!

खरं तर मला राग यायला हवा होता.

रविवार, ३० नोव्हेंबर

सहासष्ट. म्हणजे आठ. आठ!

मीनाक्षीला सांगितलं. आज तीही चिडली. पहिल्यांदाच. “बाबा, तिचे मागच्या थंडीतले कपडे बघा, एक बसत नाही. डॉक्टर दहा म्हणाल्या. तुमचा काटा आठ म्हणतो. मी कोणावर विश्वास ठेवू? तुम्ही दर घासाला तिच्या तोंडाकडे असे बघता की मलासुद्धा गिळता येणार नाही!”

“तुला कळत नाही. तू अजून कुणाला गमावलं नाहीस.”

हे तोंडातून निघून गेलं. मग सगळं सांगावंच लागलं. शेवंताचं. मीनाक्षी ओट्याला टेकून उभी राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हलली नाही. मग गॅस बंद करून आली आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसली.

“सुधन्वाने एकदा सांगितलं होतं, एक बहीण होती म्हणून. एवढंच.”

“त्यालाही एवढंच माहीत आहे.”

मग म्हणाली, “बाबा, तुम्ही तोलत राहा. मी नाही हसणार.”

अशी सून कुणाला मिळते? भानुमती असती तर हिला जवळ बसवून वेणी घातली असती.

बुधवार, ३ डिसेंबर

मथुरा! मथुरेपर्यंत आली! निजामुद्दीनचा सिग्नल मिळाला नाही, पण मथुरा!

मंगळवार, ९ डिसेंबर

धुकं. दहा वाजले तरी समोरची इमारत नाही. कादंबरी म्हणाली, “आबा, घर गेलं.” दुपारी ते परत आलं तेव्हा तिने त्याला टाटा केला.

आज रोजच्या फेरीला गेलो नाही. पाय जड. डोळ्यांसमोर अक्षरंही धूसर. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

रविवार, १४ डिसेंबर

साडेपासष्ट. म्हणजे साडेसात किलो.

शनिवारी तिला दोन वर्षं पूर्ण होतात. दोन वर्षांची मुलगी, साडेसात! शेवंता त्या दिवशी जेवढी होती, तेवढीच. पौंडाचे किलो करून बघितले.

मीनाक्षीला हाक मारली. वहीच्या पुठ्ठ्यावरचे सगळे आकडे दाखवले. ती हसली नाही. शब्द दिला होता, पाळला. पेन्सिल घेऊन खाली बसली आणि तिच्या ऑफिसच्या सवयीने आकड्यांचे रकाने पाडले. तारीख, दोघांचं मिळून, तिचं. मग थांबली.

“बाबा, आणि हे अठ्ठावन्न?”

“ते माझं.”

“कधीचं?”

“पहिल्या दिवसाचं. चौदा सप्टेंबर.”

“आणि नंतरच्या वेळचं?”

“नंतर कशाला? ते रिकामं वजन आहे. वाघिणीवर एकदा लिहिलं की लिहिलं. दर खेपेला कोण रिकामी वाघीण तोलत बसतं?”

तिने वर बघितलं. वहीकडे नाही. माझ्याकडे. माझ्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकलं होतं, ते तिने हळूच खाली ओढलं. काहीतरी बोलणार, तेवढ्यात बीजी गाजर हलव्याची वाटी घेऊन आत आल्या. मी वाटीला हात घातला तर मीनाक्षीने ती चक्क उचलून आत नेली! बीजीसुद्धा बघतच राहिल्या.

त्या गेल्यावर म्हणाली, “उद्या सकाळी, काही खायच्या आधी, पुन्हा तोलू. मी रजा टाकते. तुम्हाला दोघांना, वेगवेगळं.”

“वेगवेगळं कशाला?”

“काटा तपासायला.”

चला! शेवटी तिलाही पटलं.

सोमवार, १५ डिसेंबर

एकटा — पंचावन्न.

तिला घेऊन — साडेपासष्ट.

साडेदहा! पोर साडेदहा किलोची आहे! सगळा वेळ ती वाढत होती, आणि मी तिची वाढ माझ्याच वजनाखाली खोडत होतो. माल भरत होता, वाघीणच झिजत होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी चूक केली नव्हती, आणि एवढा आनंदही कुठल्या चुकीने दिला नव्हता.

मीनाक्षी मात्र हसली नाही. तहान, थकवा, पायजमा, डोळे, सगळं विचारलं. “माझ्या आप्पांचं अगदी असंच झालं होतं. साखर निघाली. आता गोळ्या घेतात, ठणठणीत आहेत.” उपाशीपोटीच मला रक्त तपासायला घेऊन गेली. रिपोर्ट संध्याकाळी.

दुपारी ताटावर बसलो, घास जाईना. कादंबरी आली. माझा चमचा तिने स्वतःच्या हातात घेतला, वरणभात भरला, अर्धा सांडला. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “आबा, आ! भुसावळ.”

मी आ केला.

आज मी भोपाळपर्यंत.